गटारांतील मृत्यु आणि ‘अपघात’ हा शब्द

गटार साफ करावयास उतरलेला मजूर गुदमरून मेला, म्हणजे दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत ‘दुर्दैवी अपघात’ असे शब्द छापून येतात. आमची तक्रार या शब्दांविरुद्धच आहे. जें आधीं ठाऊक नव्हतें व टाळतां येण्यासारखें नव्हतें, त्यास अपघात म्हणावें. येथें अज्ञात असें काय आहे?

बंदिस्त गटारांत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड वायु उत्पन्न होतो. तो हवेहून जड असल्यामुळें तळाशीं सांचतो. अल्प प्रमाणांत असतां त्यास सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधि येते; परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचें प्रमाण शंभराच्या सुमारास गेलें कीं तो घ्राणेंद्रियच बधिर करितो. दुर्गंधि गेली, आतां भय नाहीं, असें वाटण्याची वेळ हीच खरी भयाची वेळ होय. प्रमाण याच्या कित्येक पट वाढलें तर माणूस पाहतां पाहतां बेशुद्ध पडतो, कारण शरीरांतील पेशींना प्राणवायूचा उपयोगच करतां येत नाहीं. त्यास वांचवावयास उतरलेला सोबतीही अनेकदां याच रीतीनें प्राणास मुकतो. जे वांचतात, त्यांपैकीं कित्येकांना डोकेदुखी, विस्मरण व श्वासाचे विकार पुढेंही छळतात. त्यांची तर बातमीही होत नाहीं.

कायदा नाहीं म्हणावें, तर तोही आहे. संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली.

यावर कांहीं सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, ‘ते स्वखुशीनें उतरतात, आम्हीं कोणावर जुलूम केला?’ ज्याला जन्मतःच जातीनें हें काम नेमून दिलें आणि ‘नाहीं’ म्हटल्यास ज्याची चूल पेटत नाहीं, त्याच्या खुशीचा दाखला देण्यास धैर्यच पाहिजे! यंत्रें महाग पडतात, अशीही सबब पुढें येते. परंतु इमारतीस नवा रंग देतांना हा हिशेब कोणास आठवत नाहीं. वायु मोजण्याचें उपकरण, ताजी हवा सोडणारा पंखा, बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा, कमरेस दोर व तो धरणारा माणूस, यांतील कोणतें साधन आपल्या ऐपतीबाहेरचें आहे?

आपल्या गृहसंस्थेची टांकी उपसण्याचें काम कंत्राटदारास देतांना आपण केवळ दर विचारतों. माणूस आंत उतरणार काय, हें विचारीत नाहीं. तो प्रश्न जाणूनबुजून गिळून टाकावयाचा आणि मागाहून दैवास बोल लावावयाचा, हा आपला शिरस्ता आहे. दैव यांत सर्वस्वी निरपराध आहे.