शाप नको, सातबारा हवा

यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे एकट्या सीतेचं देऊळ आहे. शेजारी राम नाही. गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात ती कथा अशी : रामाने टाकलेली गरोदर सीता इथे आली, लव-कुश इथेच जन्मले. ओल्या बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितले. गावाने दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला, 'या गावात गहू पिकणार नाही.' लोक म्हणतात, संकरित बियाणं येईपर्यंत रावेरीत खरोखरच गहू झाला नाही.

ही कथा आपल्या शिबिरांतून अनेकदा सांगितली जाते, आणि सांगताना जोर असतो तो शापावर. टाकलेल्या बाईने अख्ख्या गावाला धडा शिकवला, हे ऐकून बायकांचे डोळे चमकतात. ते मी समजू शकते. पण मला वाटतं, आपण कथेचं चुकीचं टोक धरलं आहे. सीतेने आधी शाप दिलेला नाही. आधी तिने मागणी केली आहे, पसाभर गव्हाची. मागणी नाकारली गेली म्हणून शाप उरला. आणि त्या शापाने तिच्या पोरांच्या पोटात घासभरही अन्न गेलं नाही.

बाईच्या अंगी दैवी सामर्थ्य आहे असं म्हणणं समाजाला फार सोयीचं असतं. शक्ती म्हणून हात जोडले की भाकरीचं, घराचं, जमिनीचं बोलावं लागत नाही. शिवाय हे सामर्थ्य जनकाच्या मुलीचं असेल तर देऊळ होतं. सातपुड्यातल्या गरीब आदिवासी बाईच्या अंगी ते आहे अशी आवई उठली, की तिला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, हे चळवळीचं मोठं यश आहे. पण गावाबाहेर काढलेली बाई पुन्हा उभी कशी राहणार, तिचं घर आणि शेत कोणाच्या ताब्यात गेलं, हे प्रश्न गुन्हा नोंदवल्याने आपोआप सुटत नाहीत.

वाल्मिकी रामायणाच्या उत्तरकांडात सीतेला हाकलताना कोणी तोंडावर काही बोलत नाही. आश्रम पाहण्याची इच्छा तिनेच बोलून दाखवलेली असते. त्याच निमित्ताने लक्ष्मण तिला रथात बसवतो आणि गंगेपलीकडे गेल्यावर खरं काय ते सांगतो. कारण काय, तर लोक काय म्हणतात. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या कोणाही कार्यकर्तीला ही पद्धत ओळखीची वाटेल. 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून सोडतात, नाहीतर बाळंतपणाला पाठवतात, आणि न्यायला कोणी येतच नाही. कागदावर काही घडलेलंच नसतं. घटस्फोट नाही, भांडणाची नोंद नाही. मात्र तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर अडकलेलं असतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख केली, हे चांगलंच झालं. पण टाकलेल्या सुनेच्या बाबतीत ती ज्येष्ठ स्त्री बहुधा तिची सासू असते! आजच्या सीतेचा पसाभर गहू असा अडतो.

कायद्याने काही दिलं नाही असं नाही. पोटगीला असलेली महिना 500 रुपयांची मर्यादा 2001 साली गेली. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, घर कोणाच्याही नावावर असो, बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी हा हक्क लागू होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. पण राहण्याचा हक्क आणि मालकी यांत अंतर आहे. लग्नानंतर वीस वर्षं जिने शेतात खुरपणी केली, तिचा त्या शेतावर बायको म्हणून काहीही वाटा नाही. गोव्यात मात्र, वेगळा करार केला नसेल तर, लग्नानंतर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा हिस्सा धरला जातो. शेजारी जे चालतं ते इथे का चालू नये?

रावेरीच्या देवळाचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी करवून घेतला. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला : शेतकऱ्याने आपली काही जमीन बायकोच्या नावे करायची. 1992 साली शासनानेही परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. या कामाचं मोल मोठं आहे. तरी त्याची मर्यादाही सांगायला हवी. अर्ज नवऱ्याने करायचा आहे. ज्याच्या मनात बायकोला टाकायचं आहे, तो कशाला तलाठ्याकडे जाईल? हक्क हा कोणाच्या भलेपणावर सोडता येत नाही.

आणखी एक. सीतेला परत बोलावलं गेलं, पण भरसभेत पावित्र्याची शपथ घे, या अटीवर. आजही पोटगीचा अर्ज केला की नांदायला येण्याची नोटीस येते, आणि पंच मंडळी, कधी कधी आपल्यातल्याही काही जणी, 'जुळवून घे' म्हणतात. सीता परत गेली नाही, तिने धरणीच्या पोटात जाणं पत्करलं. तिला तेवढाच मार्ग होता. आपल्या मैत्रिणींना जमिनीच्या पोटात नव्हे, जमिनीवर जागा हवी आहे.

म्हणून संघटनांना माझं सांगणं आहे की, गावपातळीवर तीन कामं हाती घ्यावीत. टाकलेल्या प्रत्येक बाईचं स्वतंत्र रेशनकार्ड. ज्या घरांत आज भांडण नाही, तिथे आजच सातबारावर आणि घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव. आणि लग्नानंतरच्या मालमत्तेत निम्मा वाटा देणाऱ्या कायद्याची मागणी. रावेरीची कथा जरूर सांगू या. पण शापाशी न थांबता, गावाने नाकारलेल्या त्या पसाभर गव्हाचा हिशोब मागू या.