इंजिन आटले, किंमत फुगली

जर्मनीतील आफाल्टरबाख या छोट्या गावी मर्सिडीझ कंपनीच्या ए.एम.जी. शाखेचा इंजिनांचा कारखाना आहे. एक इंजिन एकाच कामगाराने पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत जुळवायचे आणि त्यावर स्वतःच्या स्वाक्षरीची पट्टी बसवायची, अशी तेथील प्रथा. श्रमाला नाव देणारी ही प्रथा कोणालाही आवडावी. परंतु त्या पट्टीखालचे इंजिन गेल्या दीड दशकात आटत गेले आणि ज्या गाडीत ते बसते तिची किंमत मात्र फुगत गेली. वरवर पाहता हा चारदोन धनिकांच्या हौसेचा विषय. पण जरा खोलात गेल्यास कायदा, कर आणि संपत्ती यांच्या परस्परसंबंधांवर तो चांगलाच प्रकाश टाकतो.

या कंपनीच्या ‘सी ६३’ या वेगवान सेदानचे उदाहरण घ्या. ‘६३’ हा आकडा १९६८ सालच्या ६.३ लिटर इंजिनाच्या मोटारीची आठवण म्हणून आलेला. पहिल्या ‘सी ६३’मध्ये ६.२ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. पुढच्या पिढीत ते ४ लिटरवर आले. सप्टेंबर २०२२ मध्ये जी नवी गाडी जाहीर झाली तिच्यात अवघ्या २ लिटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन असून त्याच्या जोडीला विजेची मोटर आहे. इंजिन एकतृतीयांश झाले, पाठीवरचा आकडा तोच राहिला. पूर्वी तो यंत्राचे माप सांगत असे. आता तो मालकाची पायरी सांगतो.

इंजिन लहान झाले याचे दुःख आम्हांस मुळीच नाही. आठ सिलिंडरांच्या गर्जनेसाठी अश्रू ढाळणाऱ्यांनी ते खुशाल ढाळावेत. लहान इंजिनात घर्षण कमी, वजन कमी. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बो फिरवून अधिक हवा आत दाबली की थोड्या इंधनात पुरेशी शक्ती मिळते. सामान्य माणसाच्या मोटारीत या तंत्राने इंधनाची बचत झाली तर ती हवीच आहे. आपल्या गरजेचे बहुतेक खनिज तेल परदेशांतून विकत घेणाऱ्या देशाला तर ती फारच हवी आहे.

प्रश्न असा की, येथे बचत झाली का? जुन्या ‘सी ६३ एस’ची शक्ती ५१० अश्वशक्ती होती, नवीची ६८० आहे. विजेची मोटर व बॅटरी यांच्या भाराने गाडीचे वजन तीनशे किलोंहून अधिक वाढले आणि ते दोन टनांपलीकडे गेले. एवढे करून केवळ विजेवर ती सुमारे १३ किलोमीटर धावते. भारतात २०१५ साली ही गाडी सुमारे १ कोटी ३० लाखांना मिळत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी गाडी आली ती १ कोटी ९५ लाखांना. या वाढीत महागाईचा व रुपयाच्या घसरणीचा वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही निम्म्या इंजिनाला दीडपट किंमत, हा हिशेब उरतोच. महिना २५ हजार रुपये मिळवणाऱ्या कामगाराने एक पैसाही खर्च न करता ही रक्कम साठवायची म्हटली, तर त्याला ६५ वर्षे लागतील.

मग इंजिन आटवले कोणासाठी? उत्तर युरोपच्या कायद्यात आहे. युरोपीय संघाने कंपनीच्या नव्या मोटारींच्या कार्बन वायूची सरासरी किलोमीटरला आधी १३० ग्रॅमवर आणि २०२०-२१ पासून ९५ ग्रॅमवर आणण्याचे बंधन घातले. मर्यादा ओलांडणाऱ्यास दर ग्रॅममागे, दर गाडीमागे ९५ युरो दंड. हेतू स्तुत्य होता आणि त्याने काही चांगलेही घडले. परंतु मोजमाप झाले ते प्रयोगशाळेतील आकड्याचे, रस्त्यावरील धुराचे नव्हे. शिवाय जड गाड्या बनवणाऱ्या कंपनीला मर्यादा काहीशी सैल ठेवण्यात आली.

याचा परिणाम पाहायचा असेल तर बी.एम.डब्ल्यू.ची २०२४ सालची ‘एम ५’ पाहावी. १९८५ मधील पहिली ‘एम ५’ दीड टनाहून हलकी होती. ही नवी गाडी सुमारे २,४३५ किलोंची, ७२७ अश्वशक्तीची. येथे इंजिनही लहान केलेले नाही; आठ सिलिंडर तसेच ठेवून शेजारी बॅटरी बसवली आहे. तरी जाहीर झाली तेव्हा कागदावर तिचा कार्बन वायू किलोमीटरला ४० ग्रॅमहून कमी! कारण मालक रोज इमानेइतबारे बॅटरी भरून घेईल आणि पुष्कळसा प्रवास विजेवरच करील, असे चाचणीत गृहीत धरले जाते. बॅटरी रिकामी झाली की हीच गाडी १०० किलोमीटरला १० लिटरहून अधिक पेट्रोल पिते. युरोपीय आयोगानेच मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील नोंदींवरून दाखवून दिले की, अशा प्लग-इन मोटारींचा कार्बन वायू कागदोपत्री आकड्याच्या सरासरी साडेतीनपट असतो. त्यानंतर २०२५ पासून चाचणीची गृहीतके कडक होऊ लागली, हे योग्यच झाले. पण त्याच वर्षी मोटार कंपन्यांना लक्ष्य गाठण्यासाठी तीन वर्षांच्या सरासरीची सवलतही मिळाली.

म्हणजे धनिकाने चैन सोडली नाही. त्याने काटकसरीचे प्रमाणपत्र तेवढे विकत घेतले. आणि कंपनीला दुहेरी लाभ झाला. गाडी महाग विकायची ती विकायचीच, शिवाय तिच्या कागदी आकड्याने इतर गाड्यांची सरासरीही खाली आणायची.

हे सारे युरोपचे म्हणून आपण हात झटकू शकत नाही. आपल्या केंद्र शासनाच्या इंधनक्षमतेच्या नियमांतही गाड्यांचे सरासरी वजन वाढले की मर्यादा सैल होते. एक प्लग-इन मोटार विकली की हिशेबात ती अडीच मोटारी धरण्याची सोय त्यांत ठेवण्यात आली. करांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या चैनीच्या मोटारींवरील उपकर गेला आणि पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत जाणारा भार ४० टक्के झाला. विजेच्या मोटारीवर ५ टक्के, मग तिची किंमत काहीही असो. आपल्या पुण्याजवळ चाकणला २०२२ मध्ये जी विजेची मर्सिडीझ जुळवली जाऊ लागली, ती तेव्हा १ कोटी ५५ लाखांची होती. तिलाही ५ टक्केच. आणि खेड्यापाड्यांतून पन्नास माणसे वाहून नेणाऱ्या डिझेल बसवर १८ टक्के. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के वाहनकर सुचवला होता. तो महिना संपण्यापूर्वीच मागे घेतला गेला.

यावर असे म्हटले जाईल की, अशा गाड्या विकल्या जातात किती? त्यांच्यावर कर वाढवून गरिबाच्या पदरात काय पडणार? उलट चाकणच्या कामगारांचे काम जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे. पण प्रश्न केवळ महसुलाचा नाही. माप चुकीचे निवडले की सारा उद्योग त्या चुकीच्या मापाकडे वळतो, आज महागड्या गाडीत वापरलेली युक्ती उद्या मध्यमवर्गाच्या गाडीत येते आणि रस्त्यावरचे वजन वाढतच जाते. चाकणच्या कामगाराचे हात दोन टनांची सेदानच जुळवू शकतात असेही नाही. तेच हात बस जुळवू शकतात.

म्हणून मागणी साधी असावी. कर इंजिनाच्या लिटरांवर वा कागदी ग्रॅमांवर नव्हे, तर गाडीच्या वजनावर आणि किमतीवर बसवावा. वीज असो की पेट्रोल, एका रकमेपुढे सवलत बंद व्हावी. प्लग-इन मोटारीची मोजणी अडीच नव्हे, एकच व्हावी आणि तीही रस्त्यावरील नोंदीनुसार. यातून येणारा पैसा एस.टी.च्या नव्या गाड्यांना मिळावा. आफाल्टरबाखचा कामगार आपल्या कामाखाली निर्भयपणे सही करतो. आपल्या शासनाच्या हिशेबाखाली तशीच सही करता येईल, एवढा तरी तो खरा असला पाहिजे.