नव्या पिकअपच्या गिअरबॉक्समधील तेल कोणी पाहावयाचे?

गेल्या वीस वर्षांत मुळशी तालुक्याच्या शेतीव्यवहारात एक मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. पौड, पिरंगुट व कोळवण खोऱ्यातील शेतकरी पूर्वी आपला भाजीपाला एसटीच्या टपावर अथवा दुसऱ्याच्या ट्रकमध्ये घालून पुण्यास धाडीत असे, आणि भाड्याचा व वेळेचा दोर नेहमी दुसऱ्याच्या हाती राही. २००५ साली टाटा मोटर्सने ‘एस’ ही लहान मालवाहू गाडी बाजारात आणली व लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे नामकरण केले. त्यानंतर निरनिराळ्या कारखान्यांच्या पिकअप गाड्या गावोगावी आल्या. आज इंद्रायणी तांदळाची पोती, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, फुलांचे क्रेट हे सारे शेतकऱ्याच्या स्वतःच्या गाडीतून पहाटे गुलटेकडीच्या बाजारात पोहोचते. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु बैलाच्या खुरास काय झाले आहे हे ज्याला दुरून कळते, तोच शेतकरी काही लाख रुपये कर्ज काढून आणलेल्या वाहनाच्या पोटात काय आहे याची चौकशी करीत नाही. “नवी गाडी आहे, तिला काय पाहावयाचे?” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते.

आमच्या तालुक्यातील एका शेतकऱ्याने दसऱ्याच्या मुहूर्तावर पिकअप घेतली. नारळ फुटला, हार घातला गेला, पेढे वाटले गेले. या सर्वांत तासभर सहज गेला असेल. सहा आठवड्यांनी घेवड्याची पोती घेऊन पुण्याकडे जात असता गाडीतून घरघर ऐकू येऊ लागली. प्रथम ती पाचव्या गिअरमध्येच येई, पुढे तिसरा गिअरही टाकताना करकरू लागला. मिस्त्रीने खाली शिरून पाहिले तो गिअरबॉक्सच्या बाजूचा लेव्हल बोल्ट हाताने फिरेल इतका सैल होता आणि खालच्या बाजूस तेल व धूळ यांचा काळा थर जमला होता. आत तेल फारच थोडे उरले होते. बेअरिंग गेले, एक दंतचक्र गेले, गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि तेवढ्या काळात तोडणीस आलेला घेवडा मिळेल त्या भावाने जागेवर द्यावा लागला.

नुकसान झाले ते तर झालेच, परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटला तो त्यानंतरचा वाद. विक्रेता म्हणे, बोल्ट तुमच्याकडे कोणीतरी खोलला असावा. शेतकरी म्हणे, गाडी आली तीच तशी. दोघांपैकी कोणाचे खरे, हे ठरविण्यास कोणतेही साधन नव्हते. कारण गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी तेलाची पातळी पाहिली गेली की नाही याची नोंद कोणाजवळच नव्हती. अखेर अर्धा खर्च शेतकऱ्यास सोसावा लागला. मी त्या प्रसंगी उपस्थित होतो व काहीही बोलू शकलो नाही.

आता हे तेल करते काय, ते पाहू. पिकअपच्या साध्या, म्हणजे हाताने गिअर बदलावयाच्या गिअरबॉक्समध्ये सामान्यतः तेल दाबाने फिरविणारा पंप नसतो. पेटीच्या तळाशी तेल असते, खालच्या दांड्यावरील चक्रे त्यात अर्धवट बुडून फिरतात व तेल वर उडवितात. वरची चक्रे, बेअरिंगे व गिअर सहज पडावा म्हणून बसविलेली पितळी कडी यांना त्या उडालेल्या तेलावरच निर्वाह करावा लागतो. पातळी बोटभर खाली गेली तरी जे भाग उंचावर किंवा एका टोकास आहेत ते आधी कोरडे पडतात. पाचव्या गिअरची चक्रे पुष्कळ गाड्यांत पेटीच्या मागील टोकाशी असतात, म्हणून ओरड बहुधा तेथूनच सुरू होते. ताम्हिणीसारख्या घाटात गाडी चढ चढू लागली की तेल मागे सरकते आणि उतारावर पुढे येते, त्यामुळे कमी तेलाची गाडी सपाटीवर गप्प राहून घाटात बोलू लागते. उलटपक्षी, “थोडे जास्त घातले तर बिघडले कुठे?” असे म्हणून भरमसाट तेल ओतणेही योग्य नाही. जादा तेल घुसळले जाऊन फेसाळते, तापते आणि ऑईल सील फोडून बाहेर येते.

ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेतकऱ्यांची येथे एक विशेष फसगत होते. बहुतेक ट्रॅक्टरांना गिअरबॉक्सच्या व हायड्रॉलिकच्या तेलासाठी गेज असते. लिफ्ट खाली सोडून, सपाट जागी गेज काढावे, पुसावे, पुन्हा घालून पाहावे, हे आमच्या तरुणांस पाठ आहे. ते पिकअपचे बॉनेट उघडून तसेच गेज शोधतात. तेथे सापडते ते इंजिनच्या तेलाचे गेज, आणि ते भरलेले पाहून सर्व तेल ठीक आहे असा समज करून घेतात. साध्या गिअरबॉक्सच्या पिकअपला बहुधा गेज नसतेच. पेटीच्या कुशीत एक बोल्ट असतो, त्याच्या भोकाची खालची कड हीच तेलाची खूण.

पाहण्याची रीत कठीण नाही, परंतु काळजीची आहे. चारही चाके एका पातळीत येतील अशी जागा आमच्या डोंगराळ गावांत शोधावीच लागते. अंगण बहुधा उताराचे असते, म्हणून भाताचे खळे किंवा शाळेचे पटांगण पाहावे. गाडी नुकतीच चालवून आणली असल्यास इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे, हातब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. केवळ पुढचे चाक जॅकवर उचलून पाहू नये. पातळी तर खोटी दिसतेच, शिवाय जीवाशी गाठ असते. बोल्टभोवतीचा चिखल फडक्याने पुसून मगच पाना लावावा. तळाचा बोल्ट तेल काढून टाकण्याचा असतो, तो चुकूनही खोलू नये. बाजूचा बोल्ट काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. शंका असल्यास करंगळी आत घालून वाकवावी. टोकास तेल लागले पाहिजे. कमी असल्यास कडेवरून ओघळू लागेपर्यंत घालावे व ओघळ थांबल्यावर वॉशरसह बोल्ट बसवावा. पेटी पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते, म्हणून पान्यास पाइप लावून ताकद दाखवू नये. आटे गेले तर नवेच दुखणे उभे राहते. मागच्या धुरेवरील डिफरन्शियललाही असाच बोल्ट असतो. खाली शिरलोच आहोत तर तोही पाहून घ्यावा.

कोणते तेल घालावे याबद्दल गावात एकच उत्तर मिळते: “नव्वद नंबर.” जुन्या गाड्यांस ते चालत असे. नव्या पुष्कळ गिअरबॉक्सना त्याहून पातळ तेल सांगितलेले असते आणि जाड तेल घातल्यास पौष-माघातील थंडीत सकाळी गिअर पडता पडत नाही. शिवाय डिफरन्शियलसाठी केलेल्या काही तेलांतील तीव्र रसायने गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना हानिकारक ठरू शकतात. म्हणून डब्यावरील आकडा व अक्षरे गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावीत. ती पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा आलेली नसते. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर तिची रीतच निराळी. कित्येकांत तेल गरम असताना व इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात. तेथे पुस्तिकेवाचून हात घालू नये.

या लेखाचा माझा मुख्य आग्रह मात्र पान्याविषयी नाही. नव्या गाडीचा बोल्ट शेतकऱ्याने स्वतः खोलावा असे मी सुचवीत नाही. तसे केल्यास हमीच्या वेळी तक्रार निघू शकते आणि विक्रेत्याचे ते म्हणणे अगदीच अवाजवी नाही. माझे म्हणणे असे की, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या मिस्त्रीनेच ती पातळी खरेदीदारासमोर दाखवावी. गाडी देण्यापूर्वीची तपासणी हे विक्रेत्याचे नेमून दिलेले काम आहे, त्याचा तक्ता असतो व त्यावर खुणा केलेल्या असतात. त्या तक्त्याची प्रत मागून घ्यावी, त्यावर तारीख व किलोमीटर लिहवून घ्यावेत. कोणी म्हणेल, विक्रेता ऐकणार नाही. हप्ता सुरू झाल्यावर तो कदाचित ऐकणार नाही. चावी हाती घेण्यापूर्वी मात्र ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे आपले काम नव्हे असे समजू नये. बियाण्याच्या पिशवीची चिठ्ठी व पावती जपून ठेवा असे आपण शेतकऱ्यास वर्षानुवर्षे सांगत आलो. यंत्राच्या बाबतीत मात्र अनुदानाचा अर्ज भरून झाला की आपला संबंध संपतो. पॉवर टिलर व ट्रॅक्टर यांसही हाच न्याय लागू आहे. आमच्या भागात तर अधिकच, कारण चिखलणीच्या दिवसांत यंत्र अर्धे पाण्यात असते आणि पिकअपलाही भरलेल्या ओढ्यातून जावे लागते. तापलेली पेटी एकदम गार पाण्यात शिरली की आतली हवा आकसते व वाफ जाण्याच्या छिद्रातून किंवा जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. असे तेल दुधट दिसते. ते दिसताच पातळी पुरेशी आहे म्हणून स्वस्थ न बसता सारे तेल बदलावे. तळाच्या बोल्टला लोहचुंबक असल्यास त्यावर आढळणाऱ्या करड्या लेपाने पहिल्या वेळी घाबरण्याचे कारण नाही, परंतु लोखंडाचे तुकडे दिसल्यास गाडी चालवू नये.

वर सांगितलेल्या शेतकऱ्याने आता गाडीच्या दाराच्या आतील बाजूस पांढऱ्या रंगाने तेल पाहिल्याची तारीख व किलोमीटर लिहिण्याचा परिपाठ ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात लावणी आटोपल्यावर मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तेथे चार ओळी होत्या, आणि शेजारच्या दोन पिकअप त्याच्या खळ्यावर उभ्या होत्या.