ठकसेनांचा जयजयकार आणि अंगठ्याची शाई

गेल्या पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातील एका धर्मग्रामात आमचा काही दिवस मुक्काम होता. रविवारची मिस्सा आटोपली होती. बाहेर पावसाची झड लागली होती, म्हणून चार-पाच तरुण व्हरांड्यात एका मोबाइलभोवती कोंडाळे करून बसले होते. त्या यंत्रातून एक धून पुन:पुन्हा वाजत होती. चौकशी करता समजले की, ती हर्षद मेहतावरील मालिकेची धून आहे आणि आजकाल प्रत्येक ‘हुशार’ माणसाच्या चित्रफितीला तीच लावतात. त्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्धा धर्मगुरूंची वाट पाहत उभी होती. ‘योजनेचे पैसे आले आहेत, अंगठा लावा,’ असे सांगत एक मनुष्य हातात लहानसे यंत्र घेऊन तिच्या दारी आला होता. पहिला ठसा नीट उमटला नाही, असे सांगून त्याने तिचा अंगठा तीनदा दाबून घेतला. ऊसतोडीच्या हंगामात साठवलेले तिचे पैसे खात्यातून गेले, ते गेलेच. तिची हकिकत ऐकून त्या तरुणांपैकी एक, तिचाच भाचा, हसत म्हणाला, “आत्या, तू अंगठा दिलासच कशाला?” बाकीचेही हसले. वृद्धेने पदर तोंडाला लावला आणि धर्मगुरूंना न भेटताच ती पावसात निघून गेली.

हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे. ती मुले वाईट नव्हती. पण फसवणारा हुशार आणि फसलेला मूर्ख, हा धडा त्यांनी कोठेतरी गिरवला होता. तो कोठे गिरवला, हे शोधताना आमची दृष्टी वारंवार पडद्याकडे वळते.

ठकसेनांच्या गोष्टी आपल्या चित्रपटांना नव्या नाहीत. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ या १९५५ च्या चित्रपटाने फसवणुकीच्या कलमाचेच नाव धारण केले होते. (तो आकडा आता कायद्यातून गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम त्याच्या जागी आले. बोलण्यातला ‘चारशेवीस’ मात्र जाण्याचे लक्षण नाही.) त्या चित्रपटाचा नायकही लबाडीत पटाईत होतो, श्रीमंतांच्या मेजवान्यांत रमतो. परंतु शंभर रुपयांत घर देण्याच्या खोट्या योजनेत पै-पै घालणारी पदपथावरची माणसे दिग्दर्शक आपल्याला दाखवतो. नायकाला त्यांच्याच डोळ्यांत पाहावे लागते आणि म्हणूनच तो परत फिरतो. फसलेल्यांना चेहरा होता, तोवर फसवणाऱ्याला लाज होती.

पन्नास वर्षांनंतर, २००५ मध्ये ‘बंटी और बबली’ आला. त्यातील जोडी ताजमहालसुद्धा विकते आणि अखेरीस पोलीसच त्यांना आपल्या कामावर घेतात. २०१३ च्या ‘स्पेशल २६’ला मुंबईतील ऑपेरा हाउस येथे १९८७ साली एका प्रसिद्ध सराफी पेढीवर पडलेल्या बनावट सीबीआय धाडीचा आधार आहे. तेथे आपण श्वास रोखून बसतो ते टोळी निसटावी म्हणून. २०२० मध्ये ‘स्कॅम १९९२’ आणि ‘जामतारा’, २०२१ मध्ये ‘द बिग बुल’, २०२३ मध्ये ‘फर्जी’ आणि तेलगीवरील ‘स्कॅम २००३’, २०२४ मध्ये ‘लकी भास्कर’ अशी रांगच लागली. यांतील काही कृती कलादृष्ट्या उत्तम आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. ‘स्कॅम १९९२’चा आधार सुचेता दलाल आणि देबाशिष बसू या अभ्यासू पत्रकारांचे पुस्तक आहे, १९९२ च्या एप्रिलमध्ये तो घोटाळा दलाल यांनीच उघडकीस आणला होता. पण आमच्या व्हरांड्यातल्या मुलांना दलाल यांचे नाव माहीत नव्हते. त्यांना ठाऊक होती ती धून, ती मोटार आणि नायकाचे ते ऐटबाज वाक्य. मालिका संपल्यावर मनात काय उरते, याचा हिशेब निर्मात्यांनी नाही मांडला, तरी आईबापांनी मांडायला हवा.

आता सीमाभागातल्या आपल्याच एका माणसाकडे पाहू. अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा. बालपणी त्याने रेल्वे स्थानकावर फळे विकली. गरिबीतून वर येण्याची त्याची धडपड पडद्यावर पाहताना कोणाचेही मन द्रवेल. मात्र तो वर आला तो बनावट मुद्रांक छापून. त्यासाठी लागणारी यंत्रे नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयाने मोडीत काढलेल्या यंत्रांतून मिळवली होती, असे तपासात पुढे आले. २००१ च्या नोव्हेंबरात त्याला अजमेर येथे अटक झाली, २००७ मध्ये तेरा वर्षांची शिक्षा आणि २०२ कोटी रुपयांचा दंड झाला, आणि २०१७ साली शिक्षा भोगत असतानाच बंगळुरूत तो मरण पावला. मुद्रांक म्हणजे काय, याचा विचार वाचकांनी क्षणभर करावा. ज्याच्यापाशी वकील नाही, ओळख नाही, त्याच्या व्यवहारामागे सरकारने उभा केलेला तो साक्षीदार आहे. त्या साक्षीदाराचीच नक्कल करणे म्हणजे खोट्या साक्षीचा कारखाना काढणे होय. आठव्या आज्ञेचे याहून मोठे उल्लंघन आम्हाला सुचत नाही.

नंदुरबारच्या मातीत तर मुद्रांक आणि अंगठा यांचा इतिहास रक्ताचा आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील शंभरांतील एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी आहे. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरील भिल्लांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कर्जाच्या, गहाणाच्या आणि न वाचता येणाऱ्या कागदांच्या वाटेने दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. १९७१ मधील पाटीलवाडीच्या प्रकरणानंतर हा प्रश्न महाराष्ट्रासमोर आला. भजने गाणारे अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. वाचकहो, ही सारी फसवणुकीचीच गोष्ट आहे. तिच्यात कपट आहे, कारस्थान आहे, पाठलाग आहे, शेवटी थोडाफार न्यायही आहे. तिच्यावर किती मालिका निघाल्या? आमच्या पाहण्यात एकही नाही. कारण या गोष्टीचा नायक ठकसेन नसून ठकवला गेलेला मनुष्य आहे, आणि त्याची भूमिका करायला कोणी देखणा नट उत्सुक नसतो.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो.

पहिला आक्षेप: ‘ही केवळ करमणूक आहे.’ करमणुकीचे आम्हाला वावडे नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आम्हीही पोट धरधरून पाहिला आहे आणि पुन्हा पाहू. पण तेथे सोंग घेतले जाते ते डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून. शेवटी ती सोंगे उतरतात आणि कोणाची भाकरी हिरावली जात नाही. विनोद आणि लुबाडणूक यांतला भेद कळायला शास्त्रीपंडित लागत नाही.

दुसरा आक्षेप: ‘ठकसेन श्रीमंतांना आणि भ्रष्ट व्यवस्थेला लुटतो, गरिबांना नाही.’ हे पडद्यावर खरे असते. बाहेर काय घडते? जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था खान्देशाला चांगली ठाऊक आहे. तीत पैसे अडकले ते निवृत्त शिक्षकांचे, शेतकऱ्यांचे, मुलींच्या लग्नासाठी ठेवी ठेवणाऱ्यांचे. २०१५ मध्ये संस्थापकाला अटक झाली आणि संस्थेवर अवसायक नेमला गेला. पुढे २०२० मध्ये त्या अवसायकावरच गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला. नाशिकच्या ‘केबीसी’ने २०१४ मध्ये, मुंबईच्या ‘टोरेस’ने २०२५ च्या जानेवारीत हात वर केले, तेव्हा रस्त्यावर रडत आले ते लहान दुकानदार, भाजीवाले आणि पगारदार. बड्या धेंडांना वकील असतात. ठकसेनाला बिनवकिलाचे गिऱ्हाईक सोयीचे पडते.

या आक्षेपाचे समर्थन करणारे बंडखोर लुटारूंचे दाखले देतात. तेथेही घोटाळा आहे. १८५७ च्या उठावात सातपुड्यात इंग्रजांविरुद्ध उभा राहिलेला खाज्या नाईक आजही येथील लोकांच्या स्मरणात आहे. तो उघड वैरी म्हणून उभा राहिला आणि त्याची किंमत त्याने मोजली. ठकसेन मित्र म्हणून घरात येतो, आपल्या हातचे पाणी पितो, ‘मावशी’ म्हणतो. दरोडेखोर पैसा नेतो. ठकसेन पैशाबरोबर माणसाचा माणसावरचा विश्वासही नेतो. त्या वृद्धेच्या दारी उद्या खरा सरकारी सेवक आला, तर ती दार उघडील काय?

तिसरा आक्षेप मार्मिक आहे आणि तो आपल्याच गोटातून येतो. ‘प्रभू येशूनेदेखील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला दिलाच ना? धन्याने त्या लबाडाची प्रशंसा केली, असे लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात आहे.’ आहे. पण प्रशंसा कशाची, हे पाहिले पाहिजे. संकट ओळखून वेळेवर पाऊल उचलण्याचे त्याचे चातुर्य वाखाणले गेले. त्याची लबाडी चांगली ठरवली गेली नाही आणि त्याची कारभारकीही राहिली नाही. शिवाय तीनच अध्याय पुढे जक्कय भेटतो. जकातदारांचा हा प्रमुख उंबराच्या झाडावर चढतो, हे चित्र कोणत्याही दिग्दर्शकाला भुरळ घालील. परंतु त्याची गोष्ट झाडावर संपत नाही. तो खाली उतरतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो. सातव्या आज्ञेविषयी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे की, चोरीचा नुसता पश्चात्ताप पुरेसा नाही, परतफेड हवी. आजच्या ठकसेनपटांतून गळाले आहे ते नेमके हेच. तेथे अटक असते, तुरुंग असतो, क्वचित अश्रूही असतात. परतफेड कोठेच नसते, कारण परत कोणाला द्यायचे ती माणसे कथेत आलेलीच नसतात.

असे आहे म्हणून चित्रपटांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. बंदीने आकर्षण वाढते, शहाणपण वाढत नाही. शिवाय दिबाकर बॅनर्जी यांच्या ‘खोसला का घोसला’ने (२००६) सिद्ध केले आहे की, भूखंड बळकावला गेलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बाजूने उभे राहूनही उत्तम विनोदी चित्रपट काढता येतो. मागणी असेल, तर तसे आणखी निघतील. आणि मागणी प्रेक्षक घडवतात.

म्हणून आमचे सांगणे घराघराला आहे. असा चित्रपट मुलांबरोबर बसून पाहावा आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : हा पैसा कोणाचा होता? उत्तर सापडले नाही, तर चित्रपटाने काहीतरी लपवले आहे, एवढे तरी मुलांना कळेल. आपल्या धर्मग्रामांत शिकलेले तरुण पुष्कळ आहेत. त्यांनी रविवारी मिस्सेनंतर तासभर बसून ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कागद वाचून द्यावेत. मुकादमाच्या वहीतली उचल किती आणि फिटली किती, हे मोजून द्यावे. अंगठा लावण्यापूर्वी यंत्रावरील रक्कम मोठ्याने वाचून दाखवा आणि पावती द्या, असे म्हणायला म्हाताऱ्यांना शिकवावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे थोपवता येण्याची शक्यता अधिक असते. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, त्याची माहिती करून घ्यावी.

आणि सर्वांत आधी, फसलेल्याला हसणे बंद करावे. ठकसेनाची सर्वांत मोठी ढाल त्याची बुद्धी नसते. फसलेल्याची लाज हीच त्याची ढाल असते. ज्या गावात फसलेला मनुष्य उजळ माथ्याने आपली हकिकत सांगू शकतो, त्या गावात तोच ठक दुसऱ्या दारी जाऊ शकत नाही. आपल्या व्हरांड्यातून ती वृद्धा न बोलता निघून गेली. त्या दिवशी दुसऱ्यांदा तिला लुटले, ते आपण. आम्हीही तेथे होतो आणि आम्हीही तिला हाक मारली नाही, हे लिहून ठेवल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तिचा तो भाचा पुढच्या रविवारी आम्हाला भेटला. आत्याला घेऊन तालुक्याला बँकेत जाऊन आल्याचे त्याने सांगितले. पैसे परत मिळतील की नाही, हे कोणी सांगितले नव्हते. अर्ज मात्र त्यानेच लिहिला होता, आणि खाली अंगठा लावण्यापूर्वी तो आत्याला दोनदा वाचून दाखवला होता.