तबकडीवरची जकात

आखातात, लिस्बनला, लंडनला किंवा अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेला एकही आप्त ज्या गावाला नाही, असे गाव गोव्यात आता शोधावेच लागेल. आणि बार्देश-सासष्टीच्या मानाने या स्थलांतरात मागाहून सामील झालेले पेडणे व डिचोली हे महालही त्याला अपवाद राहिलेले नाहीत. या आप्तांनी धाडलेल्या मुंजीच्या, बारशाच्या, पदवीदानाच्या चित्रणाच्या डीव्हीडी तबकड्या घरोघरी फडताळांत पडून आहेत, आणि त्यांतील कित्येक जुन्या दूरचित्रवाणी संचावर लावल्या की चित्र एक तर वरून खाली सरकत राहते, नाही तर रंग टाकून नुसते करडे उमटते. घरची मंडळी तबकडी खराब निघाली असे समजून ती बाजूस ठेवतात. वस्तुतः तबकडी निर्दोष असते.

अमेरिकेतील वीज सेकंदास 60 आवर्तनांची, आपली व युरोपची 50 आवर्तनांची. त्या पायावर दोन निरनिराळ्या चित्रप्रणाली उभ्या राहिल्या, पैकी अमेरिकेची एनटीएससी 525 रेषांची, आणि 1982 साली दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपणाकरिता स्वीकारलेली पाल 625 रेषांची. तबकडीवर उतरताना यांतील अनुक्रमे 480 व 576 रेषाच उरतात, परंतु गतीचा भेद कायम राहतो, आणि रंगाचा संकेत वाहून नेणारी लहर एकीत 3.58 तर दुसरीत 4.43 मेगाहर्ट्झची असल्यामुळे केवळ पाल जाणणाऱ्या संचास परक्या तबकडीतला रंग सापडत नाही. जपानने तर निम्म्या मुलुखात 50 आवर्तनांची वीज असताही एनटीएससी पत्करली. तेव्हा अशा बाबतींत तर्काहून सोयरीकच अधिक चालते असे म्हणावे लागते.

हा भेद इतिहासाने निर्माण केला, त्यात कोणाचा कुटिल हेतू नव्हता, आणि यंत्रशास्त्राने तो मिटविलाही. आखातातील शेजारी देशांत कोठे पाल, कोठे फ्रेंचांची सेकाम, आणि बाजारात येणाऱ्या चित्रफितींत एनटीएससी, असा प्रकार असल्याने तिकडच्या दुकानांतून विकले जाणारे संच तिन्ही प्रणाली जाणणारे असत, आणि सुटीवर येणारा गोमंतकीय असाच ‘मल्टिसिस्टीम’ संच घेऊन घरी येई. घरात कोंकणी, दस्तऐवज मोडीत, वाचन मराठीत आणि कज्जा पोर्तुगीजांच्या न्यायालयात, अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आमच्या माणसांना या बहुभाषी यंत्राचे फारसे नवल वाटले नसावे. उलट अमेरिकेतील सामान्य तबकडीवादकाला एनटीएससीपलीकडचे सहसा काही कळत नाही. त्यामुळे पेडण्याच्या जत्रेतील दशावताराचे पालमध्ये केलेले चित्रण तिकडे धाडावे, तर ते लावायचे कशावर असा प्रश्न त्या सुसंपन्न घरातच उत्पन्न होतो.

परंतु विकत घेतलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांवर दुसरा एक अडसर आहे, आणि तो मात्र हेतुपूर्वक घातलेला आहे. निर्मात्यांनी जगाचे सहा इलाखे पाडले. अमेरिका पहिल्यात, युरोप व आखात दुसऱ्यात, भारत पाचव्यात. मस्कतला रीतसर पैसे मोजून घेतलेली तबकडी डिचोलीत विकत घेतलेल्या वादकाने नाकारावी, आणि संगणकाच्या खणात हा इलाखा बदलायचा झाल्यास तो पाचच वेळा बदलता यावा, हा कोणत्या न्यायाचा अंमल? गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या नाक्यावर मद्याची बाटली अडते ती कायद्याने ठरविलेल्या महसुलासाठी. येथे किंमत चुकती केलेली, प्रसंगी सीमाशुल्कही भरलेली मालमत्ता खाजगी हुकुमाने अडते. चित्रपट निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वेळी पडद्यावर येतो, हे त्याचे समर्थन नव्या चित्रपटापुरते समजण्याजोगे होते. तीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटास ते कसे लागू पडावे? आपल्या हिंदी चित्रपटांच्या अनेक तबकड्या तर परदेशस्थ ग्राहकांवर दृष्टी ठेवून एनटीएससीत आणि इलाख्याच्या बंधनाविना निघत. म्हणजे हा अडसर नसला तरी व्यापार चालतो, हे व्यापाऱ्यांनीच दाखवून दिले आहे.

घरगुती चित्रणावर ही जकात नसते, आणि आजचे सपाट पडद्याचे संच दोन्ही प्रणाली बहुधा निमूटपणे स्वीकारतात. मग चिंता ती कशाची? वादकच बाजारातून नाहीसे होत चालले आहेत, ही खरी चिंता होय. आणि घरी भरलेल्या तबकडीतील सेंद्रिय रंगद्रव्य कालांतराने विटते, त्यास आमच्या पावसाळ्याची दमट हवा मुळीच मानवत नाही. 1832 सालापासून ग्रंथालयाची परंपरा सांगणाऱ्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने, आणि पेडणे व डिचोली येथील सार्वजनिक ग्रंथालयांनीही, सर्व इलाख्यांच्या तबकड्या वाचणारा एक वादक व दोन्ही प्रणालींचा एक संच नागरिकांसाठी ठेवावा, आणि मागणाऱ्यास त्याच्या घरगुती चित्रणाची नक्कल करून द्यावी, अशी माझी सूचना आहे. खर्च एका कपाटाहून फार होऊ नये. मात्र नक्कल मूळ प्रणालीतच, जशीच्या तशी व्हावी. बाजारात पालमध्ये ‘बदलून’ देणारे भेटतात, पण सेकंदास सुमारे 30 असलेल्या चित्रांची 25 करताना स्वस्तातले यंत्र मधली चित्रे सरळ गाळून टाकते, आणि स्थिर बसलेल्या वऱ्हाडात ती चोरी खपून गेली तरी फुगडीच्या पहिल्याच गिरकीत उघडी पडते.