घरदुरुस्ती : आधी माप, मग कात्री

कापडाच्या धंद्यात आमची निम्मी हयात गेली. गिऱ्हाईक घाई करते म्हणून माप न घेता कात्री चालविली, तर नुकसान दुकानदाराचेच. नेमकी हीच चूक आम्ही बारामतीच्या आमच्या घराच्या दुरुस्तीत केली. मुलीचे लग्न चार महिन्यांवर आले होते. कंत्राटदाराशी तोंडी बोलणे झाले, निम्म्याहून अधिक रक्कम उचल म्हणून दिली. फरशी झाली, रंग झाला, गच्चीची गळती मात्र तशीच राहिली. पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघाले. दोष कंत्राटदाराइतकाच आमचाही होता. कागदावर काहीच नव्हते, मग भांडणार कशाच्या जोरावर?

पाहुण्यांनी 'घर छान दिसते' म्हटले म्हणजे दुरुस्ती साधली असे नव्हे. ज्या तक्रारीसाठी काम काढले ती गेली काय, आणि घरधन्याच्या डोक्यावर नवे कर्ज तर बसले नाही ना, एवढेच पाहावे.

पुढे इंदापूरला आमच्या साडूंनी जुने घर दुरुस्तीला काढले, तेव्हा आम्ही जातीने लक्ष घातले. मातीच्या भिंती, वर माळवद. खाली काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतींना तडे जातात. असे तडे बुजवून वर सिमेंटचा गिलावा मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. मातीच्या भिंतीवर तो नीट धरत नाही, आतली ओलही कोंडते. म्हणून आधी पायाजवळचे पाणी दूर काढले, मग छताच्या तुळयांना वाळवी आहे काय ते सुताराकडून तपासून घेतले.

माळवदाचे ओझे ही साधी गोष्ट नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि अशीच जड छते कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राबविलेल्या कार्यक्रमात सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीसाठी मदत देण्यात आली. तेथे गवंडी घरमालकानेच आणायचा आणि काम पुढे सरकेल तसा पुढचा हप्ता मिळायचा, अशी पद्धत होती. आमच्या मते त्या योजनेत शिकण्यासारखे हेच. अनेकांनी मात्र जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी त्या पैशात एक नवी खोली बांधली. अभियंत्यांना ते रुचले नसेल. पण ज्या भिंतीखाली झोप लागत नाही तिच्यावर खर्च कोण करील?

साडूंनी हप्त्यांची हीच रीत धरली. सिमेंट कोणते, वाळू किती ब्रास, गिलावा किती जाडीचा, माल कोण आणणार, हे सारे साध्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. नव्या गच्चीच्या भागावर पाणी साठवून दोन दिवस पाहिल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा, हेही त्यातच. अंदाजाच्या पाचवा हिस्सा रक्कम वेगळी ठेवली. जुने घर उघडल्यावर काय निघेल ते गवंड्यालाही ठाऊक नसते!

आणखी एक गोष्ट आमच्या भागापुरती. उसाचे बिल हाती आले की जो तो एप्रिल-मे महिन्यात बांधकाम काढतो. गवंडी मिळत नाहीत, बिगाऱ्यांची मजुरी चढते, आणि नेमके तेव्हाच पाणी नसते. सिमेंटच्या कामाला निदान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते. इंदापूरच्या उन्हाळ्यात तेवढे टँकर घेणार कोण? साडूंनी दिवाळीनंतर काम काढले.

पैसे छतात आणि भिंतींत गेले, स्वयंपाकघराचा नवा ओटा राहिला. त्यावरून मेहुणी अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. ओटा पुढच्या साली करायचे ठरले आहे.