दुभाष्याचे पैसे कोणी द्यायचे?

सोलापुरातल्या एका विडी कामगार आईची कर्णबधिर मुलगी एम. कॉम. शिकते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आले. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. तिला एका करसल्लागाराच्या कार्यालयात पाठवले गेले. पहिले चार दिवस धाकटी बहीण सोबत गेली, खुणा करून सांगत राहिली. बहिणीचे स्वतःचे कॉलेज बुडू लागले तेव्हा ते थांबले. उरलेले दिवस या मुलीने कोपऱ्यात बसून व्हाउचरे तारखेप्रमाणे लावली. शेजारच्या टेबलावर बाकीच्या मुलांना जीएसटीचे विवरण कसे भरायचे ते तोंडी शिकवले जात होते. शेवटी प्रमाणपत्र मिळाले. शेरा: 'हजेरी चांगली.' ते घेऊन आई आमच्याकडे आली आणि तिने एवढेच विचारले, "वकीलसाहेब, हिला शिकवलं का नाही?"

आम्ही चौकशी केली. कार्यालय म्हणाले, मुलगी कॉलेजची आहे, दुभाषा कॉलेजने द्यावा. कॉलेज म्हणाले, वर्गातले आम्ही पाहू, बाहेरचे आमच्याकडे नाही. दोघेही सभ्यपणे बोलले. दोघांनीही हात झटकले.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय पुरवायची आहे आणि कर्णबधिरांना त्यांना योग्य अशा भाषेत शिक्षण द्यायचे आहे. कलम २० शासकीय आस्थापनेतील दिव्यांग कर्मचाऱ्याला तशीच सोय देते. पण प्रशिक्षणार्थी कर्मचारी नसतो आणि त्या १२० तासांत तो वर्गातही नसतो. या दोन कलमांच्या फटीत आपली मुलगी पडली. आमचे मत स्पष्ट आहे: ज्या कामाचे श्रेयांक विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर चढतात, ते काम जिथे चालते ती जागा विद्यापीठाचा वर्गच आहे. कलम १६ तिथेही लागू झाले पाहिजे.

मालकाकडून मात्र सगळे वसूल करता येणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. वाजवी सोयीच्या व्याख्येतच 'अवाजवी भार' नको अशी अट आहे. दोन टेबलांचे कार्यालय किंवा चार मागांचा चादरीचा कारखाना ही अट पुढे करणार, आणि काही वेळा ते खरेही असेल. म्हणून खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा आणि तो मालकाच्या मर्जीशी नव्हे, विद्यार्थ्याशी जोडलेला असावा.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पैसा विद्यार्थ्याच्या नावावर आला म्हणून आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या. याच शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीत अंध विद्यार्थ्यासाठी वाचक भत्ता होता. कर्णबधिरासाठी दुभाषा भत्ता नव्हता. नियम लिहिणाऱ्याला अंधाची अडचण दिसली, बहिऱ्याची दिसली नाही. ब्रिटनमध्ये नोकरदार कर्णबधिराच्या दुभाष्याचा खर्च सरकारी योजनेतून देण्याची सोय १९९४ पासून आहे. आपल्याकडे हे ओझे बहिणीवर असते, आणि तिची मजुरी कोणी धरत नाही. पैसेवाल्याच्या घरी दुभाषा विकत आणता येतो. विडी वळणाऱ्या घराने काय करावे?

बहीण दुभाषा नव्हे, हेही समजून घ्यावे. यंत्रमागाच्या खडखडाटात आपले ऐकणारे कामगारसुद्धा हातवारे करून बोलतात, पण ती खूण झाली. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. दुभाष्याचा अभ्यासक्रम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि २०१५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात आहे. सोलापूरच्या पोराने तिथवर जाऊन ते का शिकावे? परत आल्यावर पगार देणारे पदच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालवले. पहिला दुभाषा वकिलांच्या बाजूने आणलेला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यासाठी न्यायालयानेच दुभाषा नेमला. जे न्यायालयाला पंधरवड्यात जमले, ते विद्यापीठाला का जमू नये? सगळ्या १२० तासांना माणूस लागत नाही. कामाची ओळख, सुरक्षेच्या सूचना, शिकवण्याचे तास आणि मूल्यमापन एवढ्याला तरी द्या. काही काम व्हिडिओ कॉलवरही भागेल. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेला स्वनिधीतील ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. तीनचाकी, झेरॉक्स मशीन वाटताना फोटो निघतो, दुभाष्याच्या मानधनाचा निघत नाही, एवढीच अडचण दिसते.

आणि आपण? जयंतीच्या किती सभांत, किती धम्म परिषदांत व्यासपीठाच्या कडेला आपण दुभाषा उभा केला? आम्हीही अशा सभांचे संयोजक होतो. आम्हालाही सुचले नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणकाळातील दुभाष्यासाठी वेगळी तरतूद आहे का, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार केला आहे. उत्तर आले की मुलीच्या आईच्या सहीने पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार जाईल. अधिसभेवर जे आपले सदस्य आहेत, त्यांनी येत्या बैठकीसाठी हाच प्रश्न लेखी द्यावा. अशा मुलांच्या पालकांनी त्यांचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि हजेरीपत्रकाची प्रत आमच्याकडे आणून द्यावी.